रबर बदला, रंग राहू द्या

माझ्याकडे येणारे बहुतेक हत्ती पाय फाकलेले आणि मान टाकलेले असतात. गाढवांचीही तीच गत. विदूषक तर कित्येकदा सुटे होऊनच येतात: धड एका पाकिटात, हातपाय दुसऱ्यात, डोकं टिश्यू पेपरात गुंडाळून वेगळं. लाकूड धडधाकट असतं, रंगही बऱ्यापैकी टिकलेला असतो. गेलेलं असतं ते आतलं रबर. जुनं रबर आधी चिकट होतं, मग टणक होतं आणि शेवटी त्याचा भुगा होतो. भोकांत बसलेला तो भुगा कणाकणानं उकरून काढणं हे माझ्या कामातलं पहिलं आणि सर्वांत कंटाळवाणं काम. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं.

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, जुनी लाकडी खेळणी दुरुस्त करते आणि परवडतील तेवढी जमवतेही. त्यातही मुख्यतः एकाच घराण्याची: फिलाडेल्फियाच्या शोनहट कंपनीची ‘हम्प्टी डम्प्टी सर्कस’. ही सर्कस १९०३ मध्ये बाजारात आली आणि १९३५च्या सुमारास कंपनीचं दिवाळं निघेपर्यंत बनत राहिली. त्या तीस वर्षांत हत्ती, गाढव, घोडा, एका वशिंडाचा आणि दोन वशिंडांचा उंट, सिंह, वाघ, झेब्रा, जिराफ, पाणघोडा, गेंडा, शहामृग, कांगारू, मगर, गोरिला असे एकेक प्राणी तिच्यात येत गेले. माणसं वेगळीच. विदूषक, रिंगमास्टर, धावत्या घोड्याच्या पाठीवर उभी राहणारी बाई, कसरतपटू, सिंहाला खेळवणारा. सामानात शिड्या, खुर्च्या, पिंपं, स्टुलं आणि ऐपत असलेल्या घरांसाठी कापडी तंबू.

दिसायला साधी गोष्ट, पण तिची करामत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक प्राण्याची मान आणि पाय धडाशी ताणलेल्या रबरी दोरीनं जोडलेले. सांध्याला लाकूड लाकडावर घट्ट दाबलं जातं, त्यामुळे पाय जसा वळवाल तसा राहतो. विदूषकाच्या हातांना आणि तळपायांना खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचा शिडीच्या पायरीवर आणि खुर्चीच्या पाठीवर नेमक्या बसतात. मग विदूषक एका पायानं शिडीला उलटा लटकतो, खुर्ची एका हातावर तोलतो, गाढव पुढच्या दोन पायांवर उभं राहतं, हत्ती पिंपावर चढतो. ना चावी, ना स्प्रिंग. तोल साधायचा तो मुलानं. सांध्यांच्या आणि खाचांच्या या कल्पनेचे हक्क शोनहटनं फ्रिट्झ मायनेके नावाच्या संशोधकाकडून घेतले होते.

विक्रीची पद्धतही धोरणी होती. सुरुवातीचा संच अगदी छोटा, दोन-चार नगांचा. पुढे वाढदिवसाला एक उंट, नाताळला एक जिराफ, कुणी मामा-काका आला तर रिंगमास्टर. प्राणी सुटे मिळत. म्हणजे मोठ्यांनी संग्रह करायला घेण्याच्या कितीतरी आधी मुलांनीच तो सुरू केलेला होता, आणि कंपनीनं त्यांना तशी सवय लावली होती. आज लिलावात हातात पाटी धरून बसलेले पांढऱ्या केसांचे लोक बघते तेव्हा वाटतं, शोनहटच्या विक्री खात्याचं काम अजून चालूच आहे.

आल्बर्ट शोनहटबद्दल थोडं सांगायला हवं. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी जन्म, घरात आजोबा-वडिलांपासून लाकडी खेळण्यांचा धंदा. वयाच्या सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला आला. वॉनामेकर या बड्या दुकानात जर्मनीहून येणाऱ्या खेळण्यातल्या पियानोंची दुरुस्ती करायला त्याला आणलं होतं. त्या पियानोंत स्वर काढणाऱ्या पट्ट्या काचेच्या असत आणि जहाजाच्या प्रवासात त्या फुटत. फुटलेली काच बदलता बदलता या पोराच्या डोक्यात आलं की, इथे धातूच्या पट्ट्या घातल्या तर फुटायचा प्रश्नच राहणार नाही. १८७२ मध्ये त्यानं स्वतःचा पियानोंचा धंदा काढला आणि सर्कस त्याच्या तीस वर्षांनंतर आली. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट फार गोड वाटते. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू कुठे मोडते हे बनवणाऱ्यापेक्षा जास्त जाणतो. पण गंमत अशी की, काचेचा कच्चेपणा ज्यानं ओळखला त्याच्याच कंपनीनं सर्कशीच्या पोटात रबर घातलं. पुढे १९११ मध्ये कंपनीनं लाकडी बाहुली काढली, तेव्हा तिच्या सांध्यांत पोलादी स्प्रिंगा बसवल्या. त्या बाहुल्या आजही ताठ उभ्या राहतात. हत्ती बसलेत.

मी या कामात आले ती सरळ वाटेनं नाही. मिरजेत मी एका डेंटल लॅबमध्ये काम करायचे. कवळ्या, कॅपा, ब्रिज. मेणात दात रचायचे, प्लास्टरचे साचे घासायचे, मिलिमीटरच्या अंशात काम. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत वाचनालयात बिनपगारी पुस्तकं लावली. परवानगी मिळाल्यावर पहिली नोकरी लागली ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, सामान पुसून त्यावर चिठ्ठ्या लावायची. तिथे एका खोक्यात हे सगळे मोडलेले प्राणी होते. मालकानं त्यावर ‘सुटे भाग’ अशी चिठ्ठी लावायला सांगितली. मी विचारलं, मी जोडून बघू का? तो म्हणाला, बघ. माझी मिरजेहून आणलेली हत्यारं, म्हणजे दात तपासायचा टोच्या, मेणकामाची सुरी, बारीक चिमटे, त्या खोक्यावर घरचीच असल्यासारखी चालली.

तेव्हापासून टोच्या बदलला नाही. बाकी पुष्कळ शिकत गेले.

रबरी दोरी कापडानं मढवलेली असते, वेगवेगळ्या जाडीची मिळते, बाहुल्या दुरुस्त करणाऱ्यांकडे तिची रिळं असतात. अवघड आहे ते तिचा ताण ठरवणं. जास्त ताणली तर सांध्याच्या कडेचा रंग प्रत्येक हालचालीला घासला जातो, आणि पातळ कडा असेल तर लाकडाचा टवका उडतो. कमी ताणली तर प्राणी थोडा वेळ उभा राहतो आणि मग हळूहळू गुडघे टेकतो. पुस्तकात याचा आकडा नाही. जुन्या टोकांची गाठ कुठे, कशी अडकवली होती ते काढण्याआधी नीट पाहून कागदावर काढून ठेवायचं, कारण सगळ्या प्राण्यांत एकच पद्धत नाही. नवी दोरी ओवायची आणि गाढवाला पुढच्या पायांवर उभं करून चहा करायला जायचं. परत आल्यावर गाढव तसंच उभं असेल तर काम झालं. मूळ खेळणं याच कसोटीवर विकलं गेलं होतं, तेव्हा माझीही कसोटी तीच.

स्वच्छतेचं सांगितलं तर लोक हसतात. शंभर वर्षांचा धूर, हातांचा तेलकटपणा, कोळशाच्या शेगड्यांची काजळी रंगावर बसलेली असते. साबण लावला तर रंगच उचलला जाण्याची भीती. त्यामुळे आधी पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी कापसाची बारीक काडी शुद्ध पाण्यात जेमतेम ओलवून फिरवायची. तेवढ्यानं भागलं नाही तर थुंकी. चेष्टा नाही. संग्रहालयांतले जाणकारसुद्धा चित्रं साफ करायला थुंकी वापरतात, तिच्यातली पाचकद्रव्यं मळ सोडवतात आणि रंगाला इजा कमी करतात. आईनं पदराचं टोक ओलं करून आमची तोंडं पुसली त्यात शास्त्र होतं, एवढंच मला इथे येऊन कळलं.

कान चामड्याचे असतात, ते कसर खाते किंवा ते वाळून तुटतात. शेपट्या दोरीच्या, त्या मुलं ओढतात. नवा कान पातळ चामड्याचा कापून रंगवून लावते, पण त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात वर्ष लिहिते. चिकटवायला सरस, तोही पातळ. सरस पुन्हा पाण्यानं सुटतो. उद्या कुणाला मूळ कान सापडला तर माझा काढून तो लावता आला पाहिजे. एका झटक्यात काम करणारे जे आजचे गोंद आहेत त्यांनी जोडलेला पाय सोडवताना मी जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या मिरजेच्या एसटी स्टँडवरही ऐकल्या नसतील.

आणि रंगाला हात लावायचा नाही. इथे माझं आणि बाजाराचं पटत नाही.

बाजार काय म्हणतो ते आधी सांगते. डोळ्यांवरून सुरुवात होते. सुरुवातीच्या वर्षांतल्या प्राण्यांना काचेचे डोळे असत, नंतर खर्च वाचवायला ते रंगवलेले झाले. सिंहाची आयाळ आधी कापडी, नंतर लाकडातच कोरलेली. माणसांची डोकी काही काळ जर्मनीहून आणलेली चिनी मातीची, तर काहींची लाकडीच. १९२०च्या दशकात कंपनीनं सगळ्यांचा आकारच लहान केला. त्यामुळे काचेचे डोळे म्हणजे जुना, जुना म्हणजे महाग, असं सरळ गणित. हत्ती आणि गाढव मुबलक, कारण बहुतेक प्रत्येक घरात ते होतेच. गोरिला किंवा गॅझेल नावाचं हरण दुर्मिळ, चांगल्या अवस्थेतलं असेल तर भाव हजारो डॉलरच्या घरात जातो. ‘चांगली अवस्था’ या शब्दांवरच सगळे पैसे लागतात. न खेळलेलं, खोक्यातलं, रंगाचा टवका न उडालेलं. म्हणजे ज्या मुलाला ते मिळालं त्या मुलाला ते आवडलं नाही, किंवा ते मूल आजारी पडलं, किंवा आईनं ते कपाटावर ठेवून दिलं, अशा खेळण्याला सर्वांत जास्त किंमत.

जिथे किंमत तिथे लबाडी. लँकेस्टर परगण्यात ॲडम्सटाऊन नावाचं गाव आहे, तिथे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पहाटे विजेऱ्या घेऊन लोक हिंडतात. तिथे एकदा काचेच्या डोळ्यांचा पाणघोडा पाहिला, भाव त्यामानानं कमी. भिंगातून पाहिलं तर डोळ्यांच्या खळग्यांच्या कडा ताज्या कापलेल्या होत्या, आतलं लाकूड पांढरं. रंगवलेले डोळे कोरून काढून काचेचे बसवलेले. विकणाऱ्यानं ते स्वतः केलं होतं की त्यालाही कुणी फसवलं होतं, देव जाणे. मी काही न बोलता पाणघोडा खाली ठेवला. रंगाचं ओळखणं त्याहून सोपं आहे: अंधाऱ्या खोलीत अतिनील विजेरी मारली की बरेच नवे रंग आणि लाखेचे थर जुन्यापेक्षा वेगळे चमकतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण पैसे मोजण्याआधी ते करणारे थोडे.

पण माझी तक्रार लबाडांपेक्षा प्रामाणिक लोकांशी जास्त आहे. एक विक्रेता माझ्याकडे नियमित काम देतो. भला माणूस, पैसे वेळेवर. त्यानं एका घरातून अख्खी सर्कस उचलली आणि त्यातला पाणघोडा माझ्याकडे पाठवला. सोबत चिठ्ठी: मागच्या पायावरचे ओरखडे भरून रंग जुळवून द्यावेत. मी पाय दिव्याखाली धरला. ते ओरखडे नव्हते. वरून चार, खालून चार, अर्धगोल ओळीत, एकमेकांच्या समोर, आणि इतक्या लहान घेराचे की ते दुधाच्या दातांशिवाय दुसऱ्या कशाचे असूच शकत नव्हते. आयुष्याची चांगली वर्षं मी दातांचे ठसे बघण्यात घालवलीत. खालच्या पुढच्या दातांपैकी एक किंचित आत वळलेला होता हेही सांगता येत होतं. दोन-तीन वर्षांच्या कुणीतरी, रागानं किंवा दात शिवशिवतात म्हणून किंवा पाणघोडा खाण्यासारखा दिसला म्हणून, त्याचा कडकडून चावा घेतला होता.

मी त्याला फोन करून सांगितलं की रबर बदलते, पाय भरणार नाही. तो म्हणाला, गिऱ्हाईक खुणांचे पैसे कापतं. मी म्हटलं, खूण कसली आहे ते गिऱ्हाइकाला सांग, मग बघ. त्याला पटलं नाही. मग ज्या घरातून सर्कस आली तिथल्या आजीबाईंना त्यानं विचारलं, बहुधा माझा हट्ट मोडायला. त्यांचं उत्तर आलं की, पाणघोडा धाकट्या भावानं चावला होता, आणि तो भाऊ पुढे विमानदलात गेला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पाय तसाच राहिला. तो पाणघोडा ठसे असलेलाच विकला गेला, किमतीत थोडी घट सोसून. घट त्यानं माझ्या बिलातून कापायचा प्रयत्न केला. मी कापू दिली नाही.

रंगाचा प्रत्येक उडालेला टवका राखण्यासारखा असतो असा काही माझा सोवळेपणा नाही. ओल लागून फुगलेला रंग थांबवावा लागतो. अर्धा पाय कुत्र्यानं तोडलेला असेल तर नवा कोरून लावते. पण रबर आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबर हे खेळण्याचं काम आहे, ते गेलं की हत्ती हत्तीचं काम करू शकत नाही, म्हणून ते बदलायचंच. रंग ही नोंद आहे. कुठल्या पायाला धरून उचलत होते, कुठला प्राणी जास्त आवडता होता, शिडीच्या पायऱ्यांवर विदूषकाच्या खाचा कुठे घासल्यात, हे सगळं रंगातच लिहिलेलं आहे. पुन्हा रंगवलं की ती वही कोरी झाली. एकदा एका गृहस्थांनी झेब्रा आणला, त्यांच्या काकांनी घरातल्या दारांच्या उरलेल्या ऑइलपेंटनं पट्टे पुन्हा काढलेले. प्रेमानंच. आता खालचे मूळ पट्टे काढायचे तर वरचा थर खरवडायला हवा आणि खरवडला तर खालचाही निघणार. मी तो झेब्रा जसा होता तसाच परत दिला, फक्त उभा करून.

एका बाबतीत मात्र नोंद जपताना हात अडखळतो. त्या सर्कशीत सगळेच विनोद निरागस नव्हते. सुटाबुटातला एक काळा माणूस आहे, त्या काळच्या अमेरिकेनं काळ्या माणसाची नक्कल करून हसण्यासाठी घडवलेला. एक चिनी कसरतपटू आहे, तसाच. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेले थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा कंपनीनं लगोलग ‘टेडीज ॲडव्हेंचर्स इन आफ्रिका’ नावाचा संच काढला. त्यात रूझवेल्ट आहेत, छायाचित्रकार आहे, आणि आफ्रिकी माणसं आहेत. त्यांच्याकडे बघताना त्यांना घडवणाऱ्याच्या डोळ्यांत काय होतं ते स्वच्छ दिसतं. संग्राहकांत या संचाला मोठी मागणी, कारण तो थोडा काळच विकला गेला. मला पहिल्यांदा त्यातली एक आकृती दुरुस्तीला आली तेव्हा मी ती बरेच दिवस कपाटात ठेवली. शेवटी केली. न करून मी काय मिळवणार होते? पण माझ्या पावतीवर मी कंपनीच्या कॅटलॉगमधलं मूळ नाव जसंच्या तसं लिहिते, ‘टोपीवाला माणूस’ अशी गोड पळवाट काढत नाही. नाव सौम्य करणं म्हणजेही पुन्हा रंगवणंच.

सांगलीची आत्या एकदा इथे आली होती. टेबलावर सिंह उलटा, पोट उघडं, मी त्याच्या भोकातून रबर उकरतेय. बराच वेळ बघून म्हणाली, ‘‘अगं, हे करायला एवढ्या लांब यायची काय गरज होती? सर्कस आपल्याकडचीच की.’’ आत्याचं बोलणं थट्टेचं, पण खोटं नाही. विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे उस्ताद. किआरिनीची परदेशी सर्कस मुंबईला आली ती पाहून त्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, म्हणजे फिलाडेल्फियात लाकडी हत्ती घडायच्या वीसेक वर्षं आधी. पुढे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशी सांगली-मिरजेच्या पट्ट्यातून सर्कशी निघत गेल्या. आमच्या लहानपणी त्या सगळ्याचं शेपूट शिल्लक होतं. तंबूजवळ गेलं की आधी वाघाचा वास यायचा, मग बँड ऐकू यायचा.

ते वाघ आता नाहीत आणि नसावेतच. आपल्याकडे वाघ, सिंह, अस्वल, माकड यांना खेळात वापरण्यावर केंद्र सरकारनं १९९८ मध्ये बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. इथे रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सर्कशीनं २०१६ मध्ये हत्तींना निवृत्त केलं, २०१७ मध्ये तंबूच गुंडाळला, आणि २०२३ मध्ये ती परतली ती प्राण्यांशिवाय. माझा मुलगा लहान असताना मी टेबलावर हत्ती पिंपावर चढवला तर त्यानं विचारलं होतं, हत्ती असं का करतो? मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण खरा हत्ती असं का करायचा हे मोठेपणी आपल्याला माहीत असतं. लाकडी हत्तीपाशी तो प्रश्न उरत नाही. त्याला कुणी अंकुश टोचलेला नाही. त्याला रबर हवं, बास.

म्हणूनच मला वाटतं या खेळण्यांनी काचेच्या कपाटातून अधूनमधून बाहेर यावं. रॉचेस्टरच्या खेळांच्या संग्रहालयात, द स्ट्राँगमध्ये, ही सर्कस जपलेली आहे, तिथे कपाट हवंच. पण घराघरात जे हजारो साधे हत्ती आणि गाढवं आहेत, ज्यांना बाजारात फारसा भावही नाही, ती उभी करायला आणि पाडायला काय हरकत आहे? माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी दुरुस्त झालेला प्राणी हातात देते आणि त्यांच्याकडून एकदा तरी तोल साधून घेतल्याशिवाय पाठवत नाही. सत्तरीतली माणसं ओठ दाताखाली धरून विदूषकाला शिडीवर अडकवतात. पहिल्यांदा बहुधा पडतोच.

आता तुमच्यासाठी, म्हणजे हे मराठीत वाचणाऱ्यांसाठी. शोनहटचा हत्ती तुमच्या माळ्यावर असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण सावंतवाडीच्या चितारआळीतला पांगाऱ्याच्या लाकडाचा बैल, घोडा, भातुकली, रंगीत फळं असू शकतात, आजीच्या ट्रंकेत किंवा कोठीतल्या डब्यात. कुणाच्या मुंजीला, कुणाच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेली. ती काढा, कोरड्या मऊ ब्रशनं झटका, पाणी लावू नका. रंग उडालाय म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटचा डबा आणू नका, व्हार्निश चढवू नका, खोबरेल तेलानं चकचकीत करू नका. पत्र्याच्या छपराखाली, गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. तिथल्या उन्हाळ्यानं लाकूड चिरतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पंख्याखालचं साधं कपाट पुरे. आणि एखादं चाक निखळलं असेल, शिंग तुटलं असेल, तर ते टाकू नका. कापडात गुंडाळून त्याच डब्यात, त्याच बैलाशेजारी ठेवा, आणि ते कुणाचं होतं ते एका चिठ्ठीवर लिहा.